दोघांसाठी माउंटन बाइक घेताना

माझं वजन ५४ किलो, नवऱ्याचं ८२. पहिल्यांदा सायकली घेतल्या तेव्हा आम्ही एकच मॉडेल दोनदा उचललं. त्याची निळी, माझी करडी, एवढाच काय तो फरक. दोन्ही १५-१५ किलोच्या. घरी येईपर्यंत आपण फार शहाणपणाचा व्यवहार केला असं वाटत होतं. पहिल्या चढावर हिशोब समोर आला: तो स्वतःच्या वजनाच्या १८ टक्के ओझं ढकलत होता आणि मी जवळजवळ २८ टक्के. उतारावर उलटा प्रकार. त्याच्या सायकलीचा शॉकअप दगडांवर छान खालीवर व्हायचा, माझा ढिम्म. दोन महिने मला वाटत राहिलं की आपल्यालाच जमत नाहीये.

दोघांसाठी सायकली घेणं म्हणजे एक सायकल दोनदा घेणं नव्हे. पैसे बेताचे असतील तर हे आणखीच खरं, कारण स्वस्त सायकल बनवताना मधल्या कुठल्या तरी वजनाचा, मधल्या उंचीचा माणूस डोळ्यांसमोर धरलेला असतो. तुमच्या दोघांपैकी निदान एक जण तरी तसा नसतो.

१. आधी वाट ठरवा

दुकानात जाण्याआधी दोघांनी दोन वेगळ्या कागदांवर लिहा: आठवड्यातून किती वेळा, किती तास, कुठल्या वाटेवर. एकमेकांचं बघून लिहायचं नाही. आमच्याकडे त्याच्या कागदावर ‘दगडधोंडे, उतार, उड्या’ होतं आणि माझ्या कागदावर ‘झाडी, शांतता, दीड तासात घरी’. हे आधी कळलेलं बरं.

दोन्ही कागदांवर डांबरी रस्ता आणि अधूनमधून मातीचा रस्ता एवढंच असेल, तर माउंटन बाइक घेऊच नका. हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल, त्याच पैशात हलकी मिळते आणि पळतेही जास्त. जाड गोट्यांचे टायर डांबरावर नुसते घुंई घुंई करतात आणि पायातली ताकद खातात.

खरोखरच वाटा सोडून रानात शिरायचं असेल तर सायकलीच्या फ्रेमवर किंवा पुस्तिकेत वापराचा वर्ग शोधा. एएसटीएम या अमेरिकी मानक-संस्थेच्या एफ २०४३ या मानकात १ ते ५ असे वर्ग आहेत. वर्ग १ फक्त पक्क्या रस्त्यासाठी. वर्ग २ मध्ये खडीचे, मातीचे रस्ते आणि १५ सेंटिमीटरपर्यंतची छोटी पायरी चालते. वर्ग ३ म्हणजे ओबडधोबड पायवाटा आणि ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या. नवख्या जोडप्याला वर्ग ३ भरपूर झाला. गंमत अशी, की दिसायला अगदी रांगड्या असलेल्या कितीतरी स्वस्त सायकली वर्ग २ च्याच असतात, आणि काहींवर तर ‘खडबडीत वाटांसाठी नाही’ अशी बारीक अक्षरातली चिठ्ठीच चिकटवलेली असते. टायर जाड आहेत म्हणून ती माउंटन बाइक होत नाही.

२. पैसे निम्मे-निम्मे वाटू नका

एकूण रक्कम ठरवा आणि त्यातला पाचवा हिस्सा आधीच बाजूला काढा. दोन हेल्मेट, दोघांचे हातमोजे, दाब दाखवणारा पंप, जास्तीच्या ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, षटकोनी पान्यांचा छोटा संच, आणि जमलं तर बुडाला गादी असलेल्या दोन चड्ड्या. हे सगळं ‘नंतर बघू’ म्हटलं की पहिलं पंक्चर घरापासून आठ किलोमीटरवर होतं.

उरलेले पैसे देहानुसार वाटा. हलक्या माणसाला सायकलीचं वजन आणि शॉकअप यांचा फरक जास्त पडतो, तर जड माणसाला मागचं चाक, हब (चाकाच्या मधोमधचा भाग) आणि ब्रेक यांचा. साधारण असं होतं की हलक्या किंवा नवख्या जोडीदाराची सायकल जरा महाग पडते. त्यात काही वावगं नाही. घरातला तयारीचा गडी दुय्यम सायकलीवरही पुढे जाईल. मागे राहणाऱ्याची सायकल जड असेल तर दोघांचंही फिरणं त्याच्या वेगानेच होणार आहे. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर ज्याची सायकल कोपऱ्यात जाते तो बहुधा हाच.

दुकानात आकडा सांगा. ताकाला जाऊन भांडं लपवलं तर दुकानदार आपल्या अंदाजाने माल दाखवतो, आणि तो अंदाज नेहमी तुमच्या आकड्यापेक्षा थोडा वर असतो.

३. शॉकअपच्या मोहात पडू नका

माउंटन बाइक जन्मली तेव्हा शॉकअप नव्हतेच. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७६ साली काही पोरांनी जुन्या, रुंद टायरच्या सायकली घेऊन एका उताराच्या वाटेवर शर्यती सुरू केल्या. ब्रेक मागच्या हबमध्ये, उलटं पायडल मारून लागणारा. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचं आणि पुढच्या फेरीआधी ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून त्या वाटेचं नावच ‘रीपॅक’ पडलं. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला पुढचा शॉकअप बाजारात आला तो १९८९ मध्ये. तोवर लोक हातपाय वाकवून डोंगर उतरतच होते.

म्हणून पहिला नियम: कमी पैशात पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल घेऊ नका. दोन-तीन किलो वजन वाढतं, मागचा सांधा काही महिन्यांत खुळखुळायला लागतो, आणि दर पायडलला सायकल झोपाळ्यासारखी डुलते. फक्त पुढे शॉकअप असलेली, म्हणजे हार्डटेल घ्या.

दुसरं, पुढचा शॉकअप दोन तऱ्हांचा असतो: आत स्प्रिंग किंवा आत हवा. स्वस्त सायकलींत बहुधा स्प्रिंग. ती मधल्या वजनाच्या माणसाला ठीक बसते. वरची गोल कळ फिरवली की स्प्रिंग मऊ किंवा कडक होते असं विक्रेते सांगतात, पण ती कळ स्प्रिंगला फक्त आधीपासून थोडी दाबून ठेवते, तिचा मूळचा कडकपणा बदलत नाही. हवेच्या शॉकअपमध्ये मात्र छोट्या पंपाने दाब कमी-जास्त करून तो हव्या त्या वजनाला जुळवता येतो.

दुकानात हे तपासायला मिनिटभर पुरतं. शॉकअपच्या चकचकीत नळीला केबल बांधायची प्लास्टिकची पट्टी किंवा रबर गुंडाळून तळाला सरकवा. सायकलीवर अलगद बसा, कुणाला तरी हँडल धरायला सांगा, हालचाल न करता उतरा. रबर किती वर सरकलं ते मोजा. १०० मिलिमीटर चालीच्या, म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबणाऱ्या शॉकअपमध्ये २० ते ३० मिलिमीटर सरकायला हवं. माझ्या त्या करड्या सायकलीवर नंतर हा प्रयोग केला तेव्हा रबर ६ मिलिमीटर सरकलं होतं. म्हणजे मी वर्षभर शॉकअपचं नुसतं वजन वाहत होते.

हलक्या जोडीदारासाठी हवेचा शॉकअप बसत नसेल बजेटमध्ये, तर सरळ साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा, शॉकअप नसलेला चिमटा) आणि रुंद टायर घ्या. किलोभर वजन वाचेल, आणि २.३ इंची टायरमध्ये योग्य हवा असेल तर तो बऱ्यापैकी गचके खातो.

४. माप: इथे घाई नको

बाकी सगळं पुढेमागे बदलता येतं, फ्रेम नाही. त्यामुळे या पायरीला अख्खी संध्याकाळ द्या.

आधी पायांची आतली लांबी मोजा. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. पायांमध्ये एक जाडजूड वही, कणा वर करून, सायकलीच्या सीटसारखी घट्ट वर ओढायची आणि जोडीदाराने जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावायची. हा आकडा, उंची आणि हातांची लांबी घेऊन कंपनीचा मापांचा तक्ता बघा. एका कंपनीचं ‘मीडियम’ दुसरीचं ‘लार्ज’ निघतं, तेव्हा फक्त अक्षरावर जाऊ नका.

मग सायकलीच्या आडव्या नळीवर दोन्ही पाय टेकवून उभं राहून बघा. नळी आणि तुमच्यात निदान ५ सेंटिमीटर जागा हवी. वाटेत अचानक पाय टेकवावा लागतो तेव्हा ही जागा कशासाठी असते ते कळतं, आणि ते कळण्याची वेळ येऊ नये.

पण उभं राहता आलं म्हणजे माप जमलं असं नव्हे. सीटवर बसून हँडल धरल्यावर कोपरं किंचित वाकलेली हवीत. हात ताठ होत असतील, खांदे कानांकडे चढत असतील, तर फ्रेम लांब आहे. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर नवख्याने लहान माप घ्यावं असं माझं मत. लहान सायकल वळवायला सोपी, आणि सीट वर करून थोडं निभावता येतं. मोठी सायकल लहान करता येत नाही.

चाकांचा गोंधळ थोडक्यात सांगते. २९ इंची चाक खाचखळग्यांवरून सहज जातं, २७.५ इंची चपळ आणि किंचित हलकं. २६ इंची अजून स्वस्त सायकलींवर दिसतं, पण त्याचे चांगले टायर आता शोधावे लागतात. उंची १६० सेंटिमीटरच्या आत असेल तर २७.५ चालवून बघाच. लहान फ्रेमला २९ ची चाकं बसवली की पुढच्या चाकाला पाय घासू शकतो. पूर्वी मी म्हटलं असतं की दोघांची चाकं एकाच मापाची हवीत. आता म्हणते, माणसाला बसतील ती हवीत.

आता सीट. ‘बायकांची सीट’, ‘पुरुषांची सीट’ या लेबलांपेक्षा तुमच्या बैठकीच्या दोन हाडांमधलं अंतर महत्त्वाचं. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घ्या, कठीण स्टुलावर ठेवा, त्यावर पातळ कपड्यात बसा, पावलं थोडी उचला आणि पुढे वाका. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खड्डे दिसतील. दिसले नाहीत तर बोटं फिरवा, लागतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजून त्यात साधारण २ सेंटिमीटर मिळवा, तेवढी सीटची रुंदी. आमच्या दोघांत रुंद सीट कुणाला लागली ते सांगत नाही, पण अंदाज चुकला होता. आणि हो, अंगठा रुतेल इतकी गुबगुबीत सीट पहिल्या वीस मिनिटांपुरतीच छान असते.

लहान हात असतील तर ब्रेकच्या दांडीजवळचा बारीक स्क्रू शोधा. तो फिरवला की दांडी हँडलच्या जवळ येते. हँडलवरून पंजा न काढता तर्जनी दांडीवर पोचली पाहिजे. हा स्क्रू कुणी दाखवत नाही, आणि ‘मला उताराची भीती वाटते’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच लोकांना मुळात ब्रेकच नीट पोचत नसतो.

५. ब्रेक आधी, गिअर नंतर

हायड्रॉलिक डिस्क, म्हणजे तेलाच्या दाबाने लागणारा डिस्क ब्रेक, मिळत असेल तर घ्या. एका बोटाने थांबते आणि पॅड झिजतात तसे आपोआप जवळ येतात. तारेच्या डिस्कमध्ये ते पॅड हाताने जवळ आणावे लागतात, आणि त्यातल्या अगदी स्वस्त जातीपेक्षा रिमवर दाबणारे चांगले व्ही-ब्रेक परवडले. चिखलात मात्र व्ही-ब्रेक साथ सोडतात.

गिअरच्या आकड्याला भुलू नका. २१ गिअरची एक नेहमीची जुळणी घ्या: पुढे सगळ्यात लहान चकती २४ दात्यांची, मागे सगळ्यात मोठी २८ दात्यांची. २९ इंची चाकावर एका पूर्ण पायडलात सायकल जवळपास २ मीटर जाते. आता फक्त ९ गिअरची सायकल: पुढे एकच चकती ३० दात्यांची, मागे ११ ते ४६. तिच्या सर्वात हलक्या गिअरमध्ये एका पायडलात दीड मीटर. चढावर हा अर्धा मीटर म्हणजे चालवत वर जाणं आणि उतरून ढकलणं यांतला फरक. तेव्हा ‘किती गिअर’ हे विचारू नका. पुढची सर्वात लहान आणि मागची सर्वात मोठी चकती किती दात्यांची ते विचारा, पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. उत्तर ०.७ च्या आत आलं तर नवख्याला चढ झेपतो.

जड जोडीदारासाठी एक गोष्ट जरूर बघा: मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट (मागच्या चकत्या हबला जोडायच्या या दोन पद्धती). सात किंवा कमी चकत्या असतील तर बहुधा फ्रीव्हील. त्यात उजवीकडचं बेअरिंग आत सरकलेलं असतं, एक्सलचा (चाकाच्या मधल्या दांड्याचा) बराच भाग आधाराविना राहतो, आणि ८०-९० किलोचा माणूस खड्ड्यांतून चालवायला लागला की एक्सल वाकू शकतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग टोकाजवळ असतं. आठ किंवा जास्त चकत्यांच्या सायकलींत कॅसेट असण्याची शक्यता जास्त, तरी विचारून खात्री करा.

गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीची उतरंड, स्वस्तापासून महागाकडे, डोक्यात असू द्या: टूर्नी, आल्टस, एसेरा, अलिव्हियो, डिओरे. नव्या सायकलींवर मधल्या तिघांच्या जागी ‘क्यूज’ हे नाव दिसेल. मागच्या डिरेलरवर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागावर) भारी नाव आणि बाकी सगळीकडे बिननावाचा माल, ही जुनी युक्ती आहे. खाली वाकून हब, ब्रेक आणि क्रँक (पायडल बसतं तो दांडा) यांच्यावरचं नावही वाचा.

६. सामाईक काय ठेवायचं

मॉडेल वेगळी असली तरी चालतील, पण पिशवी एकच असते. म्हणून ट्यूबचा व्हॉल्व्ह दोघांचा एकाच जातीचा ठेवा, श्रेडर तर श्रेडर, प्रेस्टा तर प्रेस्टा. ब्रेकचे पॅड एकाच आकाराचे आणि तेल एकाच प्रकारचं; मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट तेल गेलं तर आतली रबरं फुगतात. चेन सारख्याच स्पीडची असेल तर एकच जोडकडी दोघांना पुरते.

आणि पुढचा ब्रेक दोन्ही सायकलींवर एकाच हाताला हवा. काही देशांत तो उजवीकडे असतो, काही ठिकाणी डावीकडे, आणि वापरलेली सायकल कुठून आली असेल सांगता येत नाही. तुम्ही सायकली अदलाबदल करणारच आहात. उतारावर चुकीच्या हाताने पुढचा ब्रेक करकचून दाबला की काय होतं ते मी करून बघितलंय.

७. वापरलेली घ्यायची झाली तर

बेताच्या पैशात हलकी सायकल मिळवायचा हा सगळ्यात चांगला मार्ग, फक्त दिवसाउजेडी बघायला जा. हँडलखालचा सांधा आणि पायडलजवळचे जोड कापडाने पुसून नखाने चाचपा. रंगात केसासारखी रेघ दिसली तर परत फिरा. शॉकअपच्या नळ्यांवर नखाला अडेल असा ओरखडा नको. चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवा, खुळखुळ नको. चेन मोजायला साधी पट्टी पुरते: एक पिन शून्यावर धरा, तिच्यानंतरची चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर यायला हवी. इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. आठव्या भागाने गेली असेल तर मागच्या चकत्याही गेल्या असं समजून किंमत पाडा. फ्रेमच्या तळाचा नंबर खरवडलेला असेल तर कितीही स्वस्त असो, चोरीचा माल घरात आणू नका.

८. चालवून बघा, अदलून बघा

सीट आधी उंचीला लावून घ्या: टाच पायडलवर ठेवून पायडल खाली नेल्यावर गुडघा सरळ व्हावा. मग पावलाचा पुढचा भाग पायडलवर आला की गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप मिळतो. पाच मिनिटं सपाट, एक चढ, एक फुटपाथची कड. चढावर गिअर बदलताना चेन खडखडते का, ब्रेक दाबल्यावर दांडी हँडलला टेकते का, इतकंच बघा. जोडीदाराला मागून बघायला सांगा: बसल्यावर कंबर डावी-उजवीकडे झुलत असेल तर सीट उंच आहे.

९. घरी आणल्यावर

खोक्यातून आली असेल तर दोन चुका हमखास होतात. पहिली, फोर्क उलटा. डिस्कची पकड बसलेल्या माणसाच्या डाव्या हाताला आली पाहिजे. दुसरी, पायडल. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सोपी खूण: पान्याचं वरचं टोक पुढच्या चाकाकडे नेलं की दोन्हीकडचं पायडल घट्ट होतं. नवऱ्याने डावं पायडल जोर लावून ‘घट्ट’ केलं आणि क्रँकचे आटे खाऊन टाकले. पहिल्या फेरीआधीच एक क्रँक विकत घ्यावी लागली.

नव्या डिस्क ब्रेकला सवय लागावी लागते. सपाट मोकळ्या जागेत मध्यम वेग घ्या, चाक न अडकवता जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक दाबा, सोडा. असं वीसेक वेळा, पुढचा आणि मागचा वेगळा. तोवर उताराकडे फिरकू नका.

हवा दोघांची वेगळी. २.२-२.३ इंची टायरमध्ये ट्यूब असेल तर ५५ किलोच्या माणसाने २५ पीएसआयपासून (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करावी, ८० च्या माणसाने ३० ते ३२ पासून. मागच्या चाकात दोन जास्त. टायरच्या कडेला छापलेल्या मर्यादेच्या बाहेर मात्र जाऊ नका. एकाच पंपाने एकच आकडा दोघांना भरण्याचा आळस केला की एक जण उसळत राहतो आणि दुसऱ्याची ट्यूब दगडावर चिमटून फुटते.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत केबल सैल पडतात आणि स्पोक बसतात, तेव्हा गिअर अडखळायला लागला तर घाबरू नका; दुकानात नेऊन एकदा आवळून घ्या. त्याच फेरीत मागचा डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर जास्तीचा घेऊन ठेवा, दोघांच्या सायकलींचा वेगवेगळा. तो बोटभर ॲल्युमिनियमचा तुकडा प्रत्येक फ्रेमचा निराळा असतो, सायकल उजव्या अंगावर पडली की आधी तोच वाकतो, आणि हवा तेव्हा नेमका संपलेला असतो. आमचे दोन्ही सीटखालच्या पिशवीत असतात, त्याचा माझ्याकडे आणि माझा त्याच्याकडे, कारण पडणारा माणूस बहुधा आपली पिशवी घरी विसरलेला असतो.